ओडिलची धून

मी एक जुना कॉर्नेट आहे. लग्नाच्या बँडमध्ये तुम्ही ट्रम्पेट पाहता ना, त्याचा मी बुटका, जाडसर भाऊ. पितळी अंग, तीन कळा आणि पुढे कर्णा. सध्या माझा मुक्काम न्यू ऑर्लिन्सच्या एका संग्रहालयात, काचेच्या पेटीत आहे. लोक येतात, माझ्याखालची पाटी वाचतात, माना डोलावतात आणि पुढे जातात. मित्रांनो, ती पाटी खोटी आहे. मला तोंड असले तरी कुणी फुंकल्याशिवाय ते बोलत नाही, म्हणून इतकी वर्षे गप्प बसलो. आज मात्र तुम्हाला सगळे सांगणार आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले नुमा बार्थेच्या हातात. नुमा आठवडाभर गवंडीकाम करायचा. मोठ्या घरांच्या छतांना गिलावा करून त्यावर चुन्याची फुले काढण्यात त्याचा हातखंडा होता. रविवारी तो बँडचा म्होरक्या व्हायचा. ट्रेमे वस्तीत लहानथोर सगळे त्याला 'पापा' म्हणत. हात कितीही धुतले तरी त्याच्या नखांत चुना उरायचाच आणि तो माझ्या कळांत उतरायचा. कळ अडकली की शिव्या मात्र मला! पण सोमवारी लाल राजमा-भात खाऊन झाला की पायरीवर बसून मला खोलायचा, तेल लावायचा, पुसायचा, तोही तोच. त्या शिव्या मी कधी मनाला लावून घेतल्या नाहीत.

तेव्हा आमच्या संगीताला जॅझ हे नावसुद्धा पडले नव्हते. रविवारी बँड घोडागाडीत बसून नाचाची जाहिरात करत फिरायचे. दोन बँड नाक्यावर समोरासमोर आले की लोक धावत येऊन दोन्ही गाड्यांची चाके दोराने एकमेकांना बांधून टाकत. आता पळून जायची सोय नाही. एकाने हार मानली की मगच दोर सुटायचा. आमच्या गाडीने कधी हार मानली नाही, हे मी जरा मिरवूनच सांगतो. आमचा दुसरा कॉर्नेट वाजवायचा लेआंद्र सावोआ. देखणा, गोडबोल्या आणि कानाचा फार तिखट. पापाने त्याला हाताला धरून शिकवले आणि पुढे आपली एकुलती एक मुलगी ऑरेलीही दिली. बँडमध्ये पापा त्याला 'अरे-तुरे' करायचा आणि घरी हसून 'जावईबापू' म्हणायचा.

मग पापाची बायको ओडिल गेली. आमच्याकडे माणूस गेले की बँड लागतो. दफनभूमीकडे जाताना संथ, रडवेली गाणी वाजवायची. देह मातीत ठेवला की परतताना उडती चाल धरायची, कारण गेलेला जीव सुटला. त्या दिवशी परतताना कुणाचाच वाजवायचा धीर होईना, कारण बायको म्होरक्याचीच होती. सगळे खाली मान घालून चालत होते. तेव्हा पापानेच मला ओठांना लावले. जे वाजले ते आधी कुणी ऐकले नव्हते. तिसऱ्या वळणावर सूर अचानक खाली उतरायचा आणि तिथेच थांबायचा. ओडिल बोलता बोलता अशीच थांबायची आणि मग हसायची. मागून चालणाऱ्या ऑरेलीने ते ओळखले आणि रडता रडता ती नाचू लागली.

त्या धुनेचे नाव पडले 'ओडिलची'. पापाचा नियमच होता. ती फक्त माणूस पोचवून परतताना वाजवायची, आणि तीही रस्त्यावरच. नाचाच्या दिवाणखान्यात नाही. पुढे उत्तरेकडून रेकॉर्ड काढणारे लोक आले तेव्हा पापाने त्यांना दारातूनच वाटेला लावले. लेआंद्र म्हणाला, निदान कागदावर तरी उतरवून ठेवा. पापा हसला. साऱ्या वस्तीला ठाऊक आहे ती कुणाची आहे, मग कागद कशाला? मित्रांनो, रस्त्यावरच्या माणसांची आठवण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे आमच्या लोकांना वाटायचे. आमचे चुकले ते इथेच.

काही वर्षांनी पापाचे दात हलू लागले. तोंडाने वाजवणाऱ्याचे दात गेले म्हणजे सगळेच गेले. त्याच सुमारास लेआंद्रला शिकागोहून बोलावणे आले. निघायच्या दिवशी पापाने मला त्याच्या हातात दिले.

"न्या जावईबापू. तिथे फालतू पितळ वाजवून माझं नाव घालवू नका."

"पापा, हा तुमचा जीव आहे. मी नाही नेणार."

"ने रे. वाजव काय वाजवायचं ते. फक्त ओडिलची तेवढी वाजवू नकोस."

"देवाशपथ," लेआंद्र म्हणाला आणि त्याने पापाचा हात कपाळाला लावला. ते मी माझ्या कानांनी ऐकले.

शिकागोत वर्षभरातच त्याचे नाव झाले. एके दुपारी एका बंद खोलीत रेकॉर्ड काढायचे ठरले. तीन गाणी झाली. रेकॉर्ड काढणाऱ्या माणसाने विचारले, दुसऱ्या रेकॉर्डची एक बाजू रिकामी राहतेय, आणखी काही आहे का? लेआंद्रची बोटे माझ्या कळांवर क्षणभर थबकली. मला वाटले, आता कळ अडकावी, आतला जुना चुना आज तरी कामी यावा. पण लेआंद्र फार टापटिपीचा माणूस. त्याने मला लख्ख ठेवले होते. त्याने ओडिलची वाजवली. तिसऱ्या वळणावर थांबला मात्र नाही, तिथे एक गिरकी घेऊन सूर वर नेला.

"छान आहे. कुणाची चाल?" त्या माणसाने विचारले.

"माझी."

एवढेच तो म्हणाला. पापाचा केसाने गळा कापला तो असा, आणि तोही माझ्याच तोंडून. फुंकणारा निवडायचा हक्क आम्हाला नसतो, पण ही लाज अजून माझ्या अंगावरून जात नाही.

पुढे लेआंद्रने सोनेरी ट्रम्पेट घेतला आणि मला पार्सलने परत पाठवले. सोबतच्या पत्रात धुनेबद्दल अक्षर नव्हते. मी आलो म्हणून पापाला कोण आनंद झाला! मला काखेत मारून तो मिरवत झेनों न्हाव्याच्या दुकानात गेला. झेनोंने त्याच्या गालांना साबण लावला आणि जावयाची नवी रेकॉर्ड लावली.

पापा ऐकत राहिला. त्याने आपल्या बायकोची चाल ओळखली आणि माझा आवाजही. गालांवरचा साबण वाळत चालला होता.

"जावयाने नाव काढलं हो, पापा," झेनों म्हणाला.

"ती ओडिलची आहे, झेनों."

झेनोंने रेकॉर्डवरचा कागद वाचला. "इथे तर त्याचं नाव आहे."

दाढी अर्धी टाकून पापा उठला. पुढच्याच अंत्ययात्रेत, उरल्यासुरल्या दातांनिशी, त्याने परतीच्या वाटेवर ती धून वाजवली आणि तिसऱ्या वळणावर थांबला. बँडमध्ये नव्याने आलेला एक वादक अगदी आदराने म्हणाला, "पापा, रेकॉर्डवरून छान उचललीत. फक्त तिसऱ्या वळणाला चुकता तुम्ही." पापाने मला खाली घेतले. त्यानंतर त्याने मला कधीच ओठांना लावले नाही.

शेवटच्या आजारात ऑरेली भेटायला आली तेव्हा त्याने तिला जवळ बसवले.

"आईला पोचवून परतताना तू होतीस ना? चाल कुणाची ते लोकांना सांग एकदा. तेव्हाची बरीच माणसं गेली, उरलेली रेकॉर्डचं खरं मानतात; तुझ्याशिवाय साक्षीदार कोणी उरलं नाही."

ऑरेली कितीतरी वेळ पदर मुठीत धरावा तशी चादर चुरगाळत राहिली. "पापा, तो माझ्या पोरांचा बाप आहे," ती शेवटी म्हणाली. पापाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीकडे कूस वळवली. पण मला तिचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पापाच्या अंत्ययात्रेला लेआंद्र आला. परतताना त्याने सोनेरी ट्रम्पेटवर ओडिलची वाजवली, गिरकीसकट. लोक बेभान होऊन नाचले. मी घरी खुंटीला होतो आणि खिडकीतून ऐकत होतो.

पुढे लेआंद्रही गेला. म्हाताऱ्या ऑरेलीने मला इथे आणून दिले. पाटी लिहिणाऱ्या बाईंनी पेन उघडून विचारले, "त्या प्रसिद्ध रेकॉर्डवर वाजला तो हाच ना? कुणाचा म्हणून लिहू?" ऑरेलीने माझ्याकडे पाहिले. मी वाट पाहिली. आयुष्यात इतकी वाट मी कशाचीच पाहिली नव्हती.

"सावोआ," ती म्हणाली. "लेआंद्र सावोआ. नाव-आडनाव दोन्ही नीट लिहा."

मित्रांनो, इथे माझी निगा उत्तम ठेवतात. आठवड्याला मऊ फडक्याने पुसतात, माझ्यावर धुळीचा कण बसू देत नाहीत. पितळ सांभाळणे सोपे असते. तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसाचे काही त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर जात असेल आणि ते तुम्हाला ठाऊक असेल, तर तो माणूस जिवंत आहे तोवर बोला.