एक आत, एक बाहेर

सिनेमाची डिस्क घेताना लोक पुढचं कव्हर बघतात. कव्हरवर नायकाचं तोंड असतं. तोंड बघून डिस्क घेणाऱ्याने बटाटेही धुवून चकचकीत केलेलेच घ्यावेत, घरी नेऊन रडावं.

मी मागची बाजू वाचतो. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात खरं काय ते छापलेलं असतं. सिनेमा किती मिनिटांचा, कुठल्या प्रिंटवरून काढला, आवाज मूळचा आहे की नवा चिकटवलाय. मिनिटं कमी भरली तर समजायचं, कुणीतरी कात्री चालवलीय. मग नमुना लावून बघायचा. चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसले तर कुणा शहाण्याने चित्र साफ करता करता फिल्मचा दाणाच, म्हणजे मूळची बारीक खरखर, पुसून टाकलाय. दाण्याबरोबर नायिकेच्या सुरकुत्या गेल्या, आणि सुरकुत्यांबरोबर अभिनय. असली डिस्क मी फुकट दिली तरी घेत नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. ही आत आली तर बाहेर कोण जाणार?

माझ्याकडे शेल्फ एकच आहे. सहा फळ्या, एका फळीवर बावन्न डिस्क. तीनशे बारा झाल्या की संपलं. बायको इस्पितळात नर्स आहे, बोलते कमी आणि बोलते ते इंजेक्शनसारखं. तिने एकदाच सांगितलं, "दुसरं कपाट घरात आलं की मी गेले. आणि जाताना प्लेअर घेऊन जाईन." म्हणून एक आत, एक बाहेर. या नियमाने मी चांगल्या चांगल्या सिनेमांना घराबाहेर काढलंय.

शेल्फ माझ्या बापाने केलेलं. बाप सिनेमाच्या स्टुडिओत सुतार होता. तीस वर्षं त्याने राजवाडे बांधले, कोर्ट बांधली, पूल बांधले आणि शूटिंग संपलं की स्वतःच्या हाताने मोडले. कुठल्या सिनेमाचे, ते घरी कधी सांगितलं नाही. "खोट्या भिंती त्या, त्यात काय सांगायचं?" एवढंच म्हणायचा. मीही विचारलं नाही. दोघंही एक नंबरचे गाढव. सात वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला. स्टुडिओतून कुणी चिटपाखरू आलं नाही. मागे उरले ते तीन फोटो. तिन्हीत तो शिक्षा झाल्यासारखा उभा आहे.

सिनेमाच्या शेवटी नावं सरकतात ती बघा कधी. कुत्रा सांभाळणाऱ्याचं नाव असतं. नायकाचे केस विंचरणाऱ्याचं असतं. सुतारांचं? "इतर सर्व कामगार." म्हणजे माझा बाप 'इतर सर्व'.

म्हणूनच डिस्कवर ते एक्स्ट्रा म्हणून जे काही देतात, सिनेमा कसा बनला वगैरे, ते मी बघत नाही. एकही बघितलेलं नाही. काय असतं त्यात? नायक म्हणतो दिग्दर्शक देव आहे, दिग्दर्शक म्हणतो नायक देव आहे. तू माझी पाठ खाजव, मी तुझी. ज्या भिंतीला टेकून बोलतायत ती कुणी उभी केली, हे एकाच्याही तोंडून निघत नाही. त्यापेक्षा डिस्कवरची ती जागा चित्राला द्यावी, चित्र तरी सुधारेल.

या मुद्द्यावरून माझं आणि मास्तरांचं दर रविवारी वाजायचं.

आम्ही डिस्क घेतो ते दुकान एका तळघरात आहे. वर चपला शिवणारा बसतो, त्यामुळे आमच्या सिनेमांना सोल्युशनचा वास येतो. रविवारी सकाळी पाच-सहा जण जमतात. दुकानदार स्टुलावर बसून मऊ फडक्याने जुन्या डिस्क पुसत असतो. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. माणूस सत्तरीचा, पण डिस्कवर असेल नसेल ते सगळं बघणारा. एक्स्ट्रा, मुलाखती, कापलेले सीन, जाहिराती. ताट चाटूनपुसून साफ.

"लिफ्ट आला, लिफ्ट," मला बघून ते ओरडायचे. मी लिफ्टदुरुस्ती करतो. "बोल, आज वर का खाली?"

"तुम्हाला बघितलं की खालीच," मी म्हणायचो.

दुकानात एक पाटी आहे. 'विकलेली वस्तू परत मिळणार नाही.' अक्षर मास्तरांचंच, सुरेख, वळणदार. त्या पाटीने दोन वर्षांपूर्वी त्यांचाच घात केला. त्यांच्या बायकोने घर आवरताना एक सर्कसचा सिनेमा दुबार समजून रद्दीबरोबर दुकानात देऊन टाकला. त्याचं छापणं कधीच बंद झालेलं. मी सहा वर्षं त्याच्या मागावर होतो. दुकानात शिरलो, समोर बघितला, घेतला. अर्ध्या तासात मास्तर धापा टाकत पायऱ्या उतरले.

"अरे, ती आमची पहिली डिस्क. प्लेअर घेतला त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून निवडलेली. चुकून गेली. दे बाबा."

मी काय केलं? पाटीकडे बोट दाखवलं. "विकलेलं परत नाही, मास्तर. अक्षर तुमचंच आहे."

त्यांनी पाटीकडे बघितलं. आले तसे पायऱ्या चढून गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले, "वर का खाली" विचारलं. विषय काढला नाही. मला वाटलं, नियम म्हणजे नियम. आता वाटतं, माझ्यासारख्या हलकटांना नियम बरा पडतो, मागे लपता येतं.

तर त्या दीपगृहाच्या सिनेमाची नवी आवृत्ती आली.

माझा सगळ्यात आवडता सिनेमा. समुद्रकाठचं दीपगृह, त्यात एक म्हातारा आणि वरपर्यंत गोल फिरत जाणारा दगडी जिना. त्या जिन्याच्या सीनवर मी कुठलीही आवृत्ती तपासतो. जुन्या डिस्कवर जिना म्हणजे काळा चिखल. नवी दुकानात लावून बघितली आणि मी उठून उभाच राहिलो. एकेक पायरी मोजता येत होती. इतकं स्वच्छ, की तिसऱ्या वळणावर दगडाचा रंग उडालेला कळत होता आणि खाली चक्क लाकडाच्या रेषा दिसत होत्या. जिना लाकडाचा! वीस वर्षं मी तो दगडाचा समजत होतो.

"यात एक्स्ट्रा काहीच नाहीत की रे," मास्तर कव्हर उलटून म्हणाले. "जुन्यात अर्ध्या तासाचं मेकिंग होतं."

"म्हणूनच चित्र असं आलंय. जुनं भंगार तुम्ही घ्या. चाटा बसून."

"घेतो की," मास्तर म्हणाले. आणि घेतलं. नवी आत, जुनी बाहेर. मी शीळ घालत घरी गेलो.

तिसऱ्या रविवारी मास्तर दुकानात आले नाहीत. दुपारी माझ्या दाराची बेल वाजली, तर हे उभे. माझ्या घरी कधी न आलेला माणूस. बायको ड्युटीवर, आई आतल्या खोलीत पडलेली. तिचे गुडघे गेलेत, ती फारशी बाहेर येत नाही.

मास्तर बसले नाहीत. सरळ शेल्फपाशी गेले. डिस्क बघतील असं वाटलं, तर फळ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवायला लागले.

"एक खिळा नाही. कुणी केलं हे?"

"वडिलांनी."

"डावखुरे होते?"

हे यांना कुणी सांगितलं?

आतून आईचा आवाज आला, "डावखुरेच! घरातली कात्रीसुद्धा उलटी धरायचे. कोण विचारतंय रे?"

मास्तरांनी पिशवीतून डिस्क काढली. माझीच ती, जुनी, दीपगृहाची. "मेकिंग बघितलं मी. एकोणिसाव्या मिनिटाला एक सुतार आहे. नाक तुझं. खेकसणं तर शंभर टक्के तुझं. तू एकदा दुकानात तणतणताना म्हणाला होतास, बाप सेटवर सुतार होता. म्हटलं, जाऊन बघावं. खात्री नसताना बोलणं बरं नाही."

अडकलेल्या लिफ्टच्या दोराला लोंबकळून काम करणारा माणूस मी, आणि मला प्लेअरचं बटण सापडेना. मास्तरांनीच दाबलं.

चित्र भिकार. कुणीतरी हातात साधा कॅमेरा धरून चित्रीकरण केलेलं, सगळं हलतंय. एक मोठी शेड. मधोमध अर्धा जिना, कच्च्या लाकडाचा, अजून रंग नाही. कॅमेरा वळतो, आणि फळीवर रंधा मारणारा एक माणूस मान वर करतो. कानामागे पेन्सिल. डावा हात.

माझा बाप माझ्यापेक्षा लहान होता. तिशीचा असेल.

तो कॅमेऱ्याकडे बघतो, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्याकडे, आणि खेकसतो, "बघत काय उभा राहिलास? त्या टोकाला धर!" आणि कॅमेरा धरणारा बिचारा खरंच धरतो. चित्र तिरकं होतं, जमीन दिसते, भुसा दिसतो, एक चप्पल दिसते. ऐकू येतं, "हां. आता उचल." संपलं. पुढच्या क्षणाला दिग्दर्शक खुर्चीत बसून नायकाची स्तुती करतोय.

अकरा सेकंद. मी नंतर मोजले.

मागे भिंतीला धरून आई उभी होती. आवाज ऐकून आली होती, गुडघे विसरून. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "जेवलेले नाहीयेत हे. जेवण चुकलं की असेच ओरडायचे." मग खुर्चीत बसली. "परत लाव."

परत लावलं. "हा शर्ट मी उसवून मोठा केला होता." परत लावलं. चौथ्या वेळी ती तोंडावर पदर धरून हसायला लागली. "त्या कॅमेरेवाल्यालाही कामाला लावलं! काय माणूस होता!"

तो जिना माझ्या बापाचा होता. वीस वर्षं मी त्याच्या जिन्यावर डिस्क तपासत होतो. त्याचा आवाज माझ्याच घरात, त्याच्याच शेल्फवर, चौथ्या फळीवर पडून होता, आणि सुतारांचं नाव घेत नाहीत म्हणून रागारागाने मी तो एकदाही लावला नाही. वर भंगार म्हणून देऊन टाकला. आता दुसरी मिळणार नाही. नवी आल्यावर जुनी कोण छापतंय?

मास्तरांनी डिस्क बाहेर काढली, डबीत ठेवली आणि आता कुठे बसून डबी मांडीवर ठेवली.

"मास्तर," मी म्हणालो.

"माझ्या पाटीवर काय लिहिलंय रे?" त्यांनी विचारलं. आवाज शांत. चेष्टा नव्हती त्यात, हेच वाईट होतं.

"विकलेलं परत नाही."

"मग?"

आई एकदा माझ्याकडे, एकदा मास्तरांकडे बघत होती. "कसली पाटी? काय केलंस तू यांचं?"

मी उठलो. दुसऱ्या फळीवरून सर्कसचा सिनेमा काढला आणि मास्तरांच्या हातात दिला. "हे मी त्याच दिवशी द्यायला हवं होतं. तुम्ही ती दिली नाहीत तरी हे न्या."

मास्तरांनी डबी उघडली. मग सवय कुठे जाते, डिस्क काढून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली.

"ओरखडा पाडलास."

"आधीचाच आहे तो!"

"आमच्या घरात ओरखडा पडत नाही. तुझ्या त्या ग्रीसच्या हातांनी पाडलास."

"मास्तर, उगाच आरोप करू नका. मी कडेने धरतो."

"काय कडेने धरतो! प्लेअरचं बटण सापडत नव्हतं मघाशी."

आई म्हणाली, "तुमचं भांडण इथे चालू द्या. मला ते माझ्या खोलीत लावून द्या. बसवत नाही मला इथे."

मास्तरांनी मांडीवरची डबी उचलून तिच्या हातात दिली. माझ्याकडे बघितलंही नाही. "घ्या वहिनी. एकोणिसावं मिनिट. आणि त्याच्या पुढचंही बघा, सत्ताविसाव्या मिनिटाला त्यांची पाठ आहे. मला तरी त्यांचीच वाटते. तुम्ही ओळखाल."

"पाठ तर मी झोपेतही ओळखीन," आई म्हणाली.

आता प्रश्न टीव्हीचा. मी तो चित्रासाठी घेतलेला, दाराएवढा. एकट्याने उचलायला गेलं आणि पडदा दाबला गेला की मेला. मी वायरी काढल्या, एका बाजूला हात घातला. दुसऱ्या बाजूला मास्तर सर्कसची डबी छातीशी धरून आमच्या शेल्फच्या रिकाम्या झालेल्या फटीकडे बघत उभे होते.

"मास्तर," मी खेकसलो, "बघत काय उभे राहिलात? त्या टोकाला धरा!"

आई खुर्चीतून इतक्या जोरात हसली की मास्तरांच्या हातून डबी पडली.

"आता पडला ओरखडा," ते म्हणाले, आणि वाकून टोक धरलं.