पायाळू सुनेची लाथ

माझ्या सासऱ्यांनी गोळी घेताना पाण्याबरोबर तीन दातांची कवळी गिळली. दवाखान्यात चला म्हटलं, तर मलाच म्हणतात, "सूनबाई, तू पायाळू हायेस ना? मार पाठीत लात."

जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, एवढाच माझा गुन्हा. पायाळूची लाथ बसली की उसण जाते, घशातला काटा उतरतो, अशी आमच्या रामपायली गावात सगळ्यांची समजूत. पण ज्यांच्यासमोर बारा वर्षं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्या सासऱ्यांना, तेजरामजींना, लाथ?

तोवर सासूबाईंनी, म्हणजे मैनाबाईंनी, त्यांना भाताचे गोळे भरवले होते. कवळी खाली जावी म्हणून! आता त्यांना थुंकीही गिळवेना, लाळ गळत होती, आणि हट्ट तोच. कवळीला तारेचे आकडे होते. ते आत रुतले असतील तर? राग तर असा आला की विचारू नका.

शेवटी मी सासऱ्यांशी खोटं बोलले. "मामाजी, घरी मारली तं लागत नाही. दवाखान्यात मारा लागते."

"हौ? मंग चाल."

बालाघाटला एक्स-रेत गळ्याखाली तार स्पष्ट दिसली. "चावल के गोले किसने खिलाए?" डॉक्टर ओरडले. मैनाबाई छताकडे बघू लागल्या. अन्ननलिका फाटली तर जीव जाईल, दुर्बिणीनं लगेच काढायला हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण सासरे तोंड उघडतील तर शपथ.

"पहिले लात."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मार दो मॅडम, टाइम नहीं है!"

मी चप्पल काढली, देवाची माफी मागितली आणि त्यांच्या पाठीला पाय लावला. त्यांनी निमूट तोंड उघडलं.

तासाभरानं कवळी ट्रेमध्ये पडली. आकड्याला भाताचं शीत अजून चिकटलेलं होतं. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले.

संध्याकाळी सासरे घोगऱ्या आवाजात शेजारच्या पेशंटला सांगत होते, "डाक्टरनं फकत बाहेर काढली. ढिली तं माह्या सुनेच्या लातेनं झालती."

मी कपाळाला हात लावला, तर पदर कधीचा खांद्यावर आलेला. घाईघाईनं डोक्यावर ओढू लागले.

"राहू दे वो," ते म्हणाले. "लात मारून झाली, आता पदर कायले पायजे?"

ही कवळी त्यांनी बारा वर्षांपूर्वीच गिळायला हवी होती.