खाप्याचा गोवर

कवडू माझ्या पोटचा, पण त्याची माय पंचफुला. नागपूरच्या सक्करदऱ्यात आमच्या आळीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणी ते बोलून दाखवत नव्हतं.

माझी आधीची दोन लेकरं राहिली नाहीत. म्हणून हा झाला तेव्हा सासूबाईंनी बारशाच्या दिवशी त्याला सुपात घातलं, माझ्या धाकट्या जावेच्या, पंचफुलाच्या पदरात टाकलं, आणि तिच्याकडून एक कवडी घेऊन माझ्या हातावर ठेवली. पोर विकलं. जे नेतं त्याने आता शामलाच्या, माझ्या, दारात येऊन शोधू नये, शामलाचं इथे काही नाही. नाव ठेवलं कवडू. पंचफुला तेव्हा नवी नवरी होती, सुपातलं पोर तिला नीट धरताही येत नव्हतं.

पाजलं मी. न्हाऊ मी घातलं. बोलायला लागला तेव्हा तिला माय म्हणाला आणि मला मोठीमाय.

तुळशीला पाणी आणि गाईला घास दिल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. माहेरपासूनचा नेम आहे. तुळशीपाशी हात जोडले तरी मी म्हणायची, पंचफुलाच्या लेकराला सुखी ठेव. देवाशी बोलतानासुद्धा असंच बोलायचं, नाहीतर ऐकणारं ऐकतं, असं सासूबाईंनी बजावलं होतं. त्या गेल्या, तरी मी ते सोडलं नाही.

पंचफुलाला पुढे तिची स्वतःची दोन झाली, धट्टीकट्टी. माझी कूस त्यानंतर उजवली नाही. तान्ह्या पोळ्याला कवडू लाकडी नंदी ओढत ओवाळून घ्यायला यायचा तो आधी तिच्यापुढे. शाळेत नाव घालायला त्याचा हात धरून तीच गेली. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, पंचफुलाचं थोरलं मोठं गुणाचं. मी आत पुरण वाटत असायची. माझा आवाज चुलीच्या पलीकडे जात नाही, असं आमच्या घरचे म्हणतात. खरंच आहे ते. पण वरवंटा मी इतका दाबायची की मनगट दुखून यायचं.

कवडू आठ वर्षांचा झाला आणि त्याच्या हातून पेन्सिल सुटायला लागली. आलेले पाढे गेले. मास्तर म्हणाले, लक्ष नाही. मग चालता चालता मान एकदम झटक्याने खाली जायची आणि हातातला पेला पडायचा. मीठमिरच्या ओवाळून झाल्या, मातामायला नारळ फोडून झाला, मग दवाखाना. तिथे डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, याला तान्हेपणी कधीतरी गोवर आला असेल. अंगावरचा जातो, पण एखाद्याच्या मेंदूत तो वर्षानुवर्षं दबून बसतो आणि मग उठतो. यावर औषध नाही. एवढं सांगून त्यांनी विचारलं, आई कोण? पंचफुला पुढे झाली. मी पिशवी घेऊन बाकावर बसून राहिले.

त्यानंतर दिवाळी उलटल्यावर प्रेमलताबाई घरी आल्या. त्या डॉक्टर. नागपुरात, कळमेश्वरात, खाप्यात, गावोगाव अशी लेकरं कुठे आहेत, दरवर्षी नवी किती आजारी पडतात आणि त्यांना गोवर कोणत्या वयात आला होता, हे त्या बरीच वर्षं बघत होत्या. ओट्यावर बसून त्यांनी पंचफुलाला सगळं विचारलं. ती रडायला लागली तसा तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी पाणी नेऊन दिलं.

"तुम्ही काकू का?" त्यांनी मला विचारलं. मी होकाराची मान हलवली.

पाठीवर फिरणारा तो हात मी बघत होते. आपलं लेकरू आजारी म्हणून रडायचंसुद्धा तिच्याच वाट्याला आलं होतं.

गोवर कधी आला होता, यावर पंचफुलाने सांगितलं, तीन वर्षांचा होता, गल्लीतल्या सगळ्या पोराईले आला होता. त्या कांजण्या होत्या. मी रिकामा पेला उचलून आत गेले.

गोवर आला तो खाप्याला, माझ्या माहेरी. कवडू सात महिन्यांचा होता. आईने उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, घरात फोडणी बंद केली, आणि अंग निवेपर्यंत तो माझ्या मांडीवरून खाली उतरला नाही. सासरी परतले तेव्हा अंगावर काही उरलं नव्हतं, आणि गोवर म्हणजे माता, येऊन गेलेल्या मातेचं बोलू नये म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. पंचफुला तिथे नव्हती. कवडूचं सगळं तिचं झालं होतं, खाप्याचे दिवस तेवढे माझे होते. ते मी तिला देणार नव्हते.

पुढच्या वर्षी प्रेमलताबाई परत आल्या तोवर कवडू खाटेवर होता. थोड्या थोड्या वेळाने सारं अंग झटका खायचं. बोलणं गेलं होतं. एक शब्द उरला होता, माय. पंचफुला खोलीत आली की तेवढा यायचा.

बाई म्हणाल्या, जवळजवळ सगळ्या लेकरांना गोवर दोन वर्षांच्या आत येऊन गेलेला आहे, तुमचंच उत्तर वेगळं पडतंय. नीट आठवून बघा. लस किती लवकर टोचायची ते अशाच उत्तरांवरून ठरवायचं आहे.

पंचफुला जरा दुखावली. "मी माय आहो त्याची. मले नाई आठवन तं कोणाले आठवन?"

"तुले नाई आठवन," मी म्हणाले. "तू नव्हती तिथं. सात महिन्याचा होता तो. खाप्याले होता, माझ्या मांडीवर."

बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुम्ही काकू ना?"

"मी माय आहो."

पंचफुलाने खाटेची कड धरली. मला वाटलं, आता ही भांडेल. पण ती दाराकडे बघत होती आणि तिचा आवाज पार खाली गेला होता.

"जाऊबाई, कायले बोलता असं? ऐकून राहिलं असन ते."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती मिरवते आहे. ती राखण करत होती. ते कळलं, तरी पोटातलं जळायचं थांबलं नाही.

"ऐकू दे," मी म्हणाले. "त्याले घर सापडलंच आहे."

प्रेमलताबाईंनी पुढचं सगळं मला विचारलं. पुरळ आधी कुठे दिसलं, ताप किती दिवस होता, डोळे आले होते का. मी एकेक सांगितलं. सांगता सांगता लक्षात आलं, ते आता माझ्या एकटीचंही राहिलं नाही.

संध्याकाळी दिवा लावल्यावर बारशापासून देव्हाऱ्यात जपलेली ती कवडी काढली आणि पंचफुलाच्या हातावर ठेवली. तिने ती उलटसुलट करून बघितली.

"चांगला होता तवा नाई मागितला."

"तवा भेव होतं."

"आन् मले नव्हतं?" कवडी तिने पदराच्या गाठीत बांधली. "घेतो वापस. पण तो मलेच माय म्हणते, त्याचं काय करता?"

ती कवडूचं डोकं धरून बसली, मी चमच्याने पेज भरवली. एकटीच्याने ते व्हायचं नाही.

सकाळी तुळशीला पाणी घातलं आणि सवयीने पंचफुलाचं नाव ओठावर आलं. थांबले. मग म्हणाले, माझ्या लेकराला. पुढे सुखी ठेव म्हणवेना. माझ्या लेकराला सोडव, एवढंच म्हणाले.

घरातून पंचफुलाची हाक आली. "जाऊबाई, लवकर या. तो माय म्हणून राहिला."

तो तिलाच म्हणत होता, हे मला कळत होतं. गाईचा घास वृंदावनाच्या कडेला ठेवला आणि मी आत गेले.