टाकाऊ फर्म्यांचं पुस्तक

बाइंडरने उभ्या आयुष्यात हजारो पुस्तकं शिवली, वाचलं मात्र एकही नाही. "पोट शिवणं माझं काम. आत काय दुखतंय ते दुसऱ्याने बघावं," असं तो ऐटीत सांगायचा.

बायको समोर बसून छापील फर्मे क्रमाने लावून द्यायची. एका फर्म्यात सोळा पानं. क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाचा आकडा तिने मोठ्याने म्हणायचा, ही त्याची शिस्त. एक, सतरा, तेहतीस, एकोणपन्नास. कवितांचं पुस्तक आलं की मात्र तिची गाडी रुळावरून घसरायची. मध्येच एखादी ओळ वाचायची आणि त्याच्याकडे बघत राहायची.

"आकडा," तो मान वर न करता म्हणायचा. ती निमूटपणे आकडा सांगायची. तीस वर्षं हे असंच चाललं.

गेल्या वर्षी तिला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिच्या आवडीचं काही वाचून दाखवा, एखादा शब्द परत येईलही. तिला काय आवडतं हेच बाइंडरला ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

शोधता शोधता तिच्या कपाटात, कपड्यांच्या तळाशी एक पुस्तक सापडलं. छपाई बिघडलेले टाकाऊ फर्मे तिने त्याच्या नकळत शिवले होते, आणि शिलाई त्याच्याहून सुबक होती. सगळ्या प्रेमाच्या कविता. आणि त्याही कशा! मानेवरचा घाम, सुटलेली गाठ, अंधारात ओळखलेले ओठ. साठीच्या माणसाचे कान तापले. काही ओळींशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ह्यांना वाचून दाखवायचं.'

दुपारी तो तिच्या खाटेपाशी बसला. अक्षरांखाली बोट धरून, अडखळत त्याने वाचलं, "तुझा हात माझ्या पाठीवर थांबला, आणि तिथून मी सुरू झाले."

पुस्तकं चिकटवायच्या खळीने राठ झालेला आपला हात त्याने तिच्या गालावर ठेवला.

"अगं, मला हे आधी का नाही..." बोलता बोलताच त्याला आठवलं. तिने सांगितलं होतं. कितीदा तरी.

तिचे ओठ हलले. वर्षभरात पहिल्यांदाच. त्याने सगळा जीव कानात गोळा केला. एक शब्द हवा होता त्याला, शिवी असली तरी चालली असती.

"एक," ती म्हणाली. मग अगदी स्पष्ट, "सतरा. तेहतीस."

"आकडा नको गं," तो विनवू लागला. "आता आकडा नको."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग नेहमीसारखी नजर खाली घालून म्हणाली, "एकोणपन्नास."