शिवकांताचं बिनबोलाचं गाणं

शिवकांता सभेला गेली ती नवऱ्यावरचा राग घेऊनच गेली. राग पण साधासुधा नव्हे. आठ दिवस ती चंद्रप्पाशी कामापुरतंच बोलत होती, आणि तेही भिंतीकडं तोंड करून.

झालं होतं असं. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. पावसानं दडी मारलेली, पिकं जागच्या जागी करपलेली, टँकर आला तर आठवड्यातून एकदा. पण कमानी मात्र चौकाचौकात. सरकारी सोहळ्यात गावच्या कलावंतांनी कला सादर करायची असं ठरलं, आणि शिवकांताला चार वर्षांनी पहिल्यांदा नीट झोप लागली.

चंद्रप्पा सॅक्सोफोन वाजवायचा. उदगीरच्या वाण्याचं पोरगं, दुकानात बसायचं सोडून सिकंदराबादेला पळालं, आणि तिथं एका क्लबात म्हाताऱ्या गोवेकर मास्तराच्या हाताखाली जॅझ संगीत शिकलं. देगलूरच्या मठात भजनं म्हणणाऱ्या शिवकांताशी त्याचं लग्न लागलं. वर्षाच्या आत ती त्याच क्लबात, डोक्यावर पदर घेऊन, त्याच्या शेजारी उभी राहून गायला लागली. भावकीनं कपाळ बडवून घेतलं. बडवा म्हणावं, तुमचंच कपाळ आहे. सात वर्षं दोघांनी मिळून तो क्लब गाजवला. मग क्लब बंद पडला, दोघं लातूरला आली, आणि तिचं गाणं थांबलं ते थांबलंच. चंद्रप्पा वरातीत सिनेमाची गाणी वाजवायला लागला. वरातीपुढं बाईमाणूस कसं गाणार? दुष्काळानं पुढं वराती पण बंद पाडल्या.

तर सोहळ्यासाठी दोघं नाव द्यायला कचेरीत गेली. तिथले कारकून बापूसाहेब तसा भला माणूस, पण कागदाशिवाय त्याला घास गिळायचा नाही.

"गाण्याचे बोल तीन प्रतींत द्या," ते म्हणाले. "साहेब आधी वाचतील, मग मंजुरी."

"बोल न्हाईत," शिवकांता म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाईतच. हे वाजवतेत, मी नुसत्या आवाजानं जवाब देते. तवाच्या तवा सुचंल तसा."

बापूसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "अहो बाई, मंत्र्यांपुढं तुम्हाला काही भलतंच सुचलं तर?"

"सुचाया तर पायजे. न्हाईतर गावं कशाला माणसानं?"

बापूसाहेबांनी लाल पेन्सिल घेऊन तिच्या नावावर रेघ ओढली. चंद्रप्पा एकटा वाजवील, असं ठरवून टाकलं. वर सांगितलं, नव्या जिल्ह्यात सरकारी बँड उभा राहणार आहे, त्याला शिकवायला मास्तर पाहिजे, कायमची नोकरी आहे, मोठे साहेब त्या दिवशी ऐकूनच माणूस निवडणार आहेत. तेव्हा जरा शिस्तीत.

आणि चंद्रप्पा काय म्हणाला? "हाव सायेब." एवढंच. शिवकांता त्याच्याकडं न बघताच कचेरीबाहेर पडली.

घरी आल्यावर तिनं भांडी आपटली. "मी कोण हाय मग तुमची? सैपाकीण?"

चंद्रप्पा सॅक्सोफोन पुसत बसला होता. "तू सभेला ये," तो म्हणाला. "म्होरं बस, मला दिसशील अशी."

"कशाला? टाळ्या वाजवाया?"

तो सॅक्सोफोन पुसतच राहिला. तेव्हापासून तिनं बोलणं कामापुरतंच ठेवलं.

सोहळ्याच्या दिवशी तरी ती गेली. बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, जाऊबाई उमादेवीच्या शेजारी बसली. भाषणं झाली. पाणी येणार, रस्ते येणार, सगळं येणार असं समजलं. मग चंद्रप्पा मंचावर आला. धुवट सदरा, गळ्यात सॅक्सोफोन, वाळलेलं तोंड. त्याला बघून तिला कीव आली, आणि कीव आल्याचाच जास्त राग आला.

त्यानं सुरुवात केली. क्लबात दर शनिवारी दोघं ज्या चालीनं सुरू करायची, तीच चाल. चार आवर्तनं वाजवली आणि तो थांबला. सॅक्सोफोन तोंडापासून दूर धरला, पायानं फळीवर ताल देत राहिला. लोकांना वाटलं, दम लागला बिचाऱ्याला. बापूसाहेबांनी घाईघाईनं टाळी वाजवली. चंद्रप्पानं पुन्हा चार आवर्तनं वाजवली, पुन्हा थांबला.

आता शिवकांताच्या डोक्यात प्रकाश पडला. चार आवर्तनं त्याची, चार तिची, असंच तर क्लबात दोघांचं चालायचं. हा माणूस सगळ्या जिल्ह्यापुढं तिची चार मोकळी सोडत होता. तिच्याकडंच बघत होता. आठ दिवस तोंडातून ब्र काढला नाही लबाडानं. तिला रडू आलं, हसू पण आलं.

उमादेवीनं तिचा पदर मुठीत धरला. "गप बस बाई. नोकरी जाईल त्येची."

खरं होतं. ती गप बसली असती तर त्यानं कसंबसं संपवलं असतं, नोकरी लागली असती, चूल पेटती राहिली असती. आणि ती जन्मभर त्या चुलीपाशी बसून, तो दुसऱ्यांना काय शिकवतो ते ऐकत राहिली असती.

चंद्रप्पा तिसऱ्यांदा थांबला.

"सोड," शिवकांता म्हणाली आणि उठून उभी राहिली.

पहिला सूर घोगरा आला. चार वर्षांचा गंज होता तो. दुसरा मोकळा आला. तिसऱ्याला मागच्या रांगेतली माणसं माना उंच करून बघायला लागली. तिच्यापुढं माईक नव्हता, पण मठात वाढलेल्या गळ्याला माईक लागतो कशाला? तिची चार संपली आणि चंद्रप्पानं तिच्याच सुराचं शेपूट धरून असा काही जवाब दिला, की तिला दम घ्यायचं सुचेना.

"बाई, खाली बसा," माईकवरून आवाज आला. ती गात होती. बापूसाहेब हातात कागद धरून बायकांच्या रांगेपर्यंत धावत आले. "अहो, तुमचं नाव नाही यात. हात जोडतो, बसा. साहेब बघतायत."

मंचासमोरच्या खुर्चीत मोठे साहेब बघतच होते. त्यांनी खिशातून पेन काढलं, मांडीवरच्या यादीत चंद्रप्पाचं नाव शोधलं आणि त्यावर सावकाश काट मारली. मंचावरून चंद्रप्पाला ते स्वच्छ दिसलं. त्यानं जिभेनं ओठ ओले केले, सॅक्सोफोन तोंडाला लावला, आपली चार आवर्तनं वाजवली, आणि बायकोसाठी थांबला.