आठ डब्यांची गाडी आणि तिसरं कडवं

मित्रांनो, दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, रुळांकडच्या खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेली जुनी गिटार म्हणजे मी. माझ्या पोटावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. मानेवरचा रंग एका अंगठ्याने घासून घासून उडवला आहे. पण म्हणून मला बिचारी म्हणू नका हं. माझ्याइतकी स्वप्नं फार थोड्या गिटारींनी पाहिली असतील.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात झाला. ओल्या सरसाचा वास, रंध्याखालून निघणारी पातळ सालपटं आणि सहा तारा अंगावर चढल्या तेव्हा आलेला पहिला शहारा, एवढंच मला आठवतं. १९९२ साली सतीशमामाने मला पुण्याच्या दुकानातून घरी आणलं. तो रेल्वेत फिटर होता आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला गाण्याच्या पार्टीत वाजवायचा.

मामाचा माझ्यावर फार जीव. इतका, की माझी मान तो करकचून आवळायचा. मी काय पळून जाणार होते? त्याचा अंगठा मानेवरून वर डोकावायचा, बोटांना जागाच उरायची नाही. तारा उतरलेल्या असल्या तरी त्या सुरात लावायचा त्याला कंटाळा. "वाजतंय ना? मग झालं," असं म्हणून तो आणखी जोरात वाजवायचा. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे त्याला वीस गाण्यांची सुरुवात यायची, शेवट एकाचाही नाही.

त्याचे वडील म्हाळूआबा भिंतीला टेकून बसलेले असायचे. रेल्वेच्या गँगमध्ये रुळांवर घण मारून मारून त्यांचे कान निम्मे गेले होते. ते म्हणायचे, "सत्या, तुझं गाणं म्हंजी नुसतं इंजान. मागं डबाच न्हाई."

मामाला जास्तीची ड्यूटी लागली आणि मी खिळ्यावर गेले. कितीतरी वर्षं. दुपारच्या उन्हात माझं लाकूड तापायचं, तारांना गंज चढायचा. पण खरं सांगू? तेव्हाच मला स्वप्नं पडू लागली. गाडी जवळून गेली की भिंत हलायची आणि कोणी हात न लावता माझी जाड तार आपोआप गुणगुणायची. डब्यांच्या सावल्या माझ्या अंगावरून पोहत जायच्या. मला वाटायचं, आपल्या अर्ध्या गाण्यांचे शेवट त्या डब्यांत बसून लांब निघालेत. खिडकीशी बसून ऊस खातायत. कुठल्या तरी स्टेशनवर ते उतरत असतील आणि आपली वाट बघत असतील. गाण्याचा शेवट दिसतो तरी कसा, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग २००३ मध्ये सीमा आली. मामाची भाची, आठवीतली. शाळेसाठी दौंडला राहायला आलेली. तिने मला खाली काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि नव्या तारांसाठी मामाच्या मागे इतकी भुणभुण लावली, की तो रविवारी सकाळीच पुण्याला गेला.

तिला एकच गाणं वाजवायचं होतं. तिच्या आजीने, म्हणजे आबांच्या बायकोने, भागुबाईने, स्वतः रचलेलं. आजी जाऊन चार वर्षं झाली होती. गाणं तीन कडव्यांचं, आणि रचणारीचं नाव येतं ते तिसऱ्या कडव्यात. आबांना ते नाव ऐकायचं होतं. उरलेले कान आहेत तोवर.

सीमाच्याही खोडी होत्या बरं का. ती सतत मान वाकवून माझ्यावरची आपली बोटं बघत बसायची. डाव्या हाताची नखं कापायची नाही. तार वाजून हसायला लागली, की लगेच तळवा ठेवून तिला गप्प करायची. पण खरी खोड निराळीच होती.

शाळा सुटून, चहा पिऊन ती बसायची आणि दुसऱ्या कडव्याशी पोचेपर्यंत बारामतीची पॅसेंजर यायची. आठ डबे. आवाजात काही ऐकूच यायचं नाही, म्हणून तिचा हात थांबायचा. आबांना गाडी तळपायाला कळायची. ते बोटांवर डबे मोजायचे आणि आठवा गेला की म्हणायचे, "गेली." मग सीमा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, आणि कडवं संपेस्तोवर मामी अभ्यासाला हाक मारायची.

"पुढचं कवा वाजवायची गं तू?" आबा विचारायचे.

"आबा, गाडी आली ना मधी. तुटलं. तुटलं की पयल्यापासूनच घ्यायचं असतं."

"गाडी रोज येणारच. ती काय तुझ्या गाण्याला इचारून येती व्हय?"

सीमा हसायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इतकं, की गाडीला उशीर झाला तरी दुसऱ्या कडव्यात तिचा हात आपोआप अडखळायचा आणि गाडीची वाट बघायचा.

आबांचं ऐकणं महिन्यामहिन्याने कमी होत होतं. आधी मामीची हाक गेली, मग कुकरची शिट्टी.

एप्रिलमध्ये शिरूरच्या पाहुण्यांनी जयंतीच्या कार्यक्रमाला बोलावलं. एसटीत सीमाने मला मांडीवर घेतलं होतं. न्हावऱ्याच्या रस्त्याने खिडकीतून वारा येत होता आणि माझ्या पोटात शिरून हळूच घुमत होता. मला वाटलं, कदाचित आज.

दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. ऊन कलत होतं. आबांना अगदी पुढची खुर्ची मिळाली, ट्रॉलीला गुडघे टेकतील इतकी पुढची. सीमा कडेला पाय सोडून बसली आणि गाऊ लागली. पहिलं कडवं छान गेलं. दुसरं सुरू झालं. आणि नेमक्या त्याच जागी तिचा हात थांबला.

मित्रांनो, शिरूरला रेल्वे नाही. शिट्टी नाही, धडधड नाही. नुसती शांतता, आणि तिच्या घामेजल्या बोटांखाली मी. आता ती पहिल्यापासून घेणार, किंवा रडत उठून जाणार, हे तिने माझी मान आवळली त्यावरून मला कळलं.

तेवढ्यात समोरून आवाज आला. "एक... दोन..."

आबा. त्यांना गाणं नीट ऐकू येतच नव्हतं. पोरीचा हात थांबलेला दिसला म्हणजे गाडी आली, एवढंच त्यांना माहीत. ते बोटांवर मोजत होते.

"आजोबा काय मोजत्यात?" मागून कुशाबाई नावाच्या आजींनी विचारलं.

"डबं," मामा तोंड लपवत म्हणाला.

"शिरूरला रूळ न्हाईत आन् ह्यास्नी डबं कुठनं गावलं?"

मांडवभर हशा पिकला. सीमालाही हसू फुटलं आणि मानेवरची तिची आवळलेली बोटं सैल झाली.

"सात... आठ. गेली," आबा म्हणाले. "वाजीव आता पुढचं."

पुढचं! आणि सीमाने खरंच पुढचं घेतलं. जिथे तुटलं होतं तिथून. ती बोटांकडे बघत नव्हती, आबांकडे बघत होती. दुसरं कडवं संपलं. तिसऱ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि मला वाटलं, एका लांबच्या स्टेशनवर कोणीतरी बाकावरून उठून उभं राहिलंय.

"भागू म्हणे, लेकी, पाटी घे हाती..."

आबांना किती ऐकू आलं, मला माहीत नाही. पण सीमाच्या ओठांवरचं नाव त्यांनी ओळखलं. शेवटची तार वाजली. सीमाने तळवा ठेवला नाही, तिला वाजू दिलं. आबांनी हात पुढे करून आपला खरखरीत पंजा माझ्या पोटावर टेकला. तळपायाला गाडी कळते तशी ती थरथर त्यांच्या हातात गेली. ती पार विझेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

मग ते हळूच म्हणाले, "पोचली."

आता संध्याकाळी बारामतीची पॅसेंजर येते, पण आम्ही थांबत नाही. तिच्या धडधडीत आमचं दुसरं कडवं कुणालाच ऐकू येत नाही. तरी चालतं. आबा डबे मोजतात आणि गाडी जाईपर्यंत आम्ही तिसऱ्यात पोचलेलो असतो.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण खिळ्यावर असेल, तर तिला उन्हातून बाजूला घ्या. सुरात लावा, नखं कापा, आणि मान हलक्या हाताने धरा. ती कुठे जात नाही. आणि मध्येच चुकलात, तुटलं, तर पहिल्याकडे पळू नका. मनात आठपर्यंत मोजा आणि पुढचं वाजवा. कुणीतरी तिसऱ्या कडव्यासाठी बसून राहिलेलं असतं.