मिस्त्रीला पुढे बसवलं तो रविवार

“मान वर करा. अजून थोडी. आता गिळू नका,” असं म्हणत बाईने नवऱ्याच्या गळ्यावरून वस्तरा हलक्या हाताने ओढला. दारात नणंद उभी होती, गीतांचं पुस्तक छातीशी धरून. चर्चपाशी मोठे पाळक गाडीतून उतरले असतील, मंडळी जमली असेल, असं तिचं एकसारखं चाललं होतं.

“जमू दे,” बाई म्हणाली. “देव काय दार लावून घेणार आहे?”

नणंद दारातून बाजूला झाली. वहिनीच्या तोंडाला लागायचं नाही, हे ती भाऊ आडवा झाला त्याच वर्षी शिकली होती.

मिस्त्री म्हणजे हाडाचा सुतार. दारं, खिडक्या, टेबलं. त्याच्या हातची खुर्ची कधी कुरकुरली नाही. मग एके दिवशी करवत हातातून गळली आणि उजवं अंग गेलं. वाचा गेली, ‘हं’ आणि ‘नको’ एवढे दोन शब्द राहिले. डावा हात मात्र शाबूत होता. लघवीला लागली की तो त्या हाताने चाकाच्या खुर्चीच्या दांड्यावर ठोकायचा आणि बाई असेल तिथून बाटली घेऊन धावायची. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे. एकदा बहीण मदतीला पुढे आली, तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि संध्याकाळपर्यंत जेवला नाही.

बाई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. दिवसा परक्यांच्या चादरी, घरी आल्यावर घरच्या. जन्म साबणात गेला, असं ती म्हणायची. रविवारी उपासनेला जायची. देवाशी तिचं भांडण नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. तिचं बोलणंच बंद होतं. शेजारणीशी असतं ना, जिन्यात भेटली तर वाट द्यायची, एवढंच, तसं.

आठवड्यापूर्वी पाळक घरी येऊन गेले होते. या रविवारी बाहेरून मोठे पाळक येणार, दुःखाचा अर्थ या विषयावर बोलणार; तर मिस्त्रीला आणावं, पुढे बसवावं. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं. बाईने साफ नाही म्हटलं.

“माणूस आहे तो, शाळेतला फळा नाही.”

“तसं नाही ताई. तुम्ही दोघांनी जो क्रूस उचललाय, तो बघून दहा जणांचा विश्वास वाढेल.”

“मग त्या दहा जणांना एकेक रात्र माझ्याकडे पाठवा. वाढतो का बघू.”

पाळक खाली मान घालून हसले. वाईट माणूस नव्हता तो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. पाळक उठणार इतक्यात पलंगावरून आवाज आला, “हं.” बाईने वळून पाहिलं. मिस्त्रीने पुन्हा म्हटलं, “हं.” त्याच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काम मिळालेल्या माणसाची चमक होती. लाकडाची ढलपीसुद्धा फेकायचा नाही हा माणूस. कुठेतरी पाचर म्हणून उपयोगी पडेल, म्हणायचा. आपलं हे पडून राहणंही कुठेतरी ठोकून बसवता येईल, असं त्याला वाटलं असणार. बाईला राग आला, पण नाही म्हणवेना. तिने एकच अट घातली: खुर्ची बाजूच्या दाराशी ठेवायची आणि तिने शेजारी बसायचं. पाळकांनी कबूल केलं.

दाढी झाली, इस्त्रीचा सदरा चढवला. तिने डायपर पुढे केला तर “नको.” पुन्हा केला, पुन्हा “नको.” देवाच्या घरी तो असा बांधून घेऊन जाणार नव्हता. तिने बाटली पिशवीत टाकली आणि खुर्ची ढकलत निघाली.

तिथे गेल्यावर सगळंच फिरलं. मोठ्या पाळकांना मिस्त्री सगळ्यांना दिसायला हवा होता. दोघातिघांनी खुर्ची उचलून व्यासपीठासमोर, लोकांकडे तोंड करून ठेवली. बाईला पहिल्या बाकावर नणंदेशेजारी जागा दिली. “इथून दिसतातच की,” कुणीतरी म्हणालं. पाळकांनी तिची नजर टाळली.

मोठे पाळक बोलायला मात्र पट्टीचे. सोनं भट्टीत का घालतात, द्राक्षं का तुडवतात, सगळं सांगितलं. मधूनमधून हात मिस्त्रीकडे जायचा, की सगळ्या माना तिकडे वळायच्या. मिस्त्री ताठ बसला होता. मग त्याचा डावा हात हलला. दांड्यावर ठक ठक झालं.

बाई उठायला गेली. नणंदेने तिचं मनगट धरलं. “आत्ता नको वहिनी, ते बोलतायत.”

पुन्हा ठक ठक. मोठे पाळक थांबले, हसले, म्हणाले, “आपला भाऊ बोलू शकत नाही, पण पाहा, तोही आमेन म्हणतोय.” सगळी मंडळी एका आवाजात “आमेन” म्हणाली.

त्यानंतर हात ठोकायचा थांबला.

बाईने मनगट हिसकून घेतलं. मिस्त्रीच्या पायजम्यावरून काळसर ओल खाली उतरत होती. बुटाशी पोचली होती. तिने उपासनेसाठी डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल सोडला, सरळ पुढे गेली आणि त्याच्या पायांशी गुडघ्यांवर बसली.

त्या मंडळीची एक जुनी रीत होती. उपासनेत कुणाला भरून आलं आणि तो मध्येच गुडघ्यांवर आला, की सगळ्यांनी गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, आणि बोलणाऱ्याने बोलणं सोडून प्रार्थना सुरू करायची. बाक सरकले. पहिल्यांदा नणंद, मग तिच्यामागच्या बायका, मग पुरुष, शेवटी व्यासपीठावर मोठे पाळकही. या बहिणीच्या विश्वासाबद्दल ते देवाचे आभार मानू लागले.

बाई पुसत होती. आधी बूट, मग घोटा, मग फरशी. कडेने, मग मधे, धुलाईखान्याच्या सवयीने. अंगातलं स्वेटर काढून तिने त्याच्या मांडीवर नीट पसरलं. एकदा वर पाहिलं. मिस्त्रीनेही डोळे मिटले होते. त्याच्या मिटण्यात प्रार्थना नव्हती.

फरशी अजून कोरडी व्हायची होती. मागे कुणीतरी खाकरलं. प्रार्थना उतरणीला लागल्याचं तिला आवाजावरून कळलं, आणि इतक्या वर्षांत देवाशी न बोललेली बाई मनातल्या मनात बोलली, “अजून थोडं चालू दे त्यांचं. एवढं कर.”

मोठ्या पाळकांना आजाऱ्यांची आठवण झाली, मग विधवांची, मग पोरक्यांची.

आमेन झालं तेव्हा फरशी स्वच्छ होती. डोळे उघडलेल्यांना एक गुडघे टेकलेली बाई दिसली आणि खुर्चीत ताठ बसलेला एक माणूस. बायका डोळे पुसत होत्या. दाराशी जो तो तिचा हात हातात घ्यायला आला. उजव्या मुठीत रुमाल होता, तिने सगळ्यांना डावा दिला. मोठे पाळक म्हणाले, “माझ्या बोलण्यापेक्षा तुमचं गुडघे टेकणं मोठं होतं ताई.” काय टेकलं आणि कशासाठी, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने मिस्त्रीकडे पाहिलं आणि गिळून टाकलं.

अंगणात नळ होता. खुर्ची सावलीत लावून तिने रुमाल धुतला, पिळला, झटकला आणि तसाच डोक्याला बांधला. पाण्याचा एक ओघळ कानामागून मानेवर उतरला.

“ओला कशाला बांधला वहिनी?” नणंदेने विचारलं.

“ऊन आहे,” बाई म्हणाली आणि खुर्ची ढकलू लागली.